ओ देणारं गाव

मालवणहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, मासे खाल्ले की नाही?" नाही खाल्ले. मी शाकाहारी आहे हे ठाऊक असलेले लोकसुद्धा विचारतात आणि वर "मग गेलीस तरी कशाला एवढ्या लांब?" म्हणून हळहळतात. त्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं म्हणून हे लिहायला बसले आहे. मी एका इंग्रज कवयित्रीला घेऊन सिंधुदुर्गात गेले होते. तिथे जे कानांनी ऐकलं, त्यानंतर माशांची चुटपुट मला तरी लागलेली नाही.

मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि तेही रोज येत नाही. त्यामुळे समुद्र दिसला की मला आधी एवढं पाणी नुसतं पडून आहे याचाच राग येतो. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि रिकामं बसवेना म्हणून भाषांतराच्या नादी लागले. त्या नादातच रूथ कोयंडे भेटली. आधी पुस्तकात आणि मग प्रत्यक्ष.

रूथ लिव्हरपूलची. तिचे आजोबा सदाशिव कोयंडे देवगडजवळच्या एका गावातून निघून बोटीवर खलाशी झाले, बॉयलरपुढे कोळसा ओढत जगभर फिरले, आणि लिव्हरपूलला उतरले ते परत चढलेच नाहीत. तिथे त्यांनी एका आयरिश बाईशी लग्न केलं. गावाकडे पुन्हा कधी आले नाहीत. रूथ लहान असताना ते तिच्याच घरात वारले. त्यांच्यावर तिने एक दीर्घ कविता लिहिली, 'हजेरी' नावाची. त्या कवितेने तिला नाव दिलं, मोठं बक्षीस दिलं, आणि इंग्लंडातल्या शाळांच्या पुस्तकात नेऊन बसवलं.

ती कविता मी मराठीत करत होते. झालीही होती जवळजवळ. अडलं होतं ते शेवटच्या पानावर, कारण शेवटचं पान कोरं आहे. रूथने ते मुद्दामच कोरं सोडलंय. आमचे प्रकाशक म्हणाले, "बाई, वाचक बांधणीत चूक झाली म्हणून पुस्तक परत आणून देतील." मी रूथला तसं कळवलं. तिचं उत्तर आलं, "मलाही ते पान भरायचंच आहे. मी येते. मला आजोबांच्या गावी ने."

तारकर्ली

विमानतळावरून आम्ही आधी तारकर्लीला गेलो. माडांच्या बागेत एका बाईंनी चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत, तिथे उतरलो. रूथ पन्नाशी ओलांडलेली, उंच, आखूड पांढऱ्या केसांची. बघताक्षणी गोरी मडमच. पण बाईंनी तिला दारातच न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "हिचा नाक आमच्यातला दिसता."

दुपारी स्वयंपाकघरात बाई बांगडे साफ करत होत्या. रूथ जाऊन त्यांच्याशेजारी बसली, दुसरी सुरी मागून घेतली आणि सटासट बांगडे कापायला लागली. बाई बघतच राहिल्या. मीही. मग तिने सांगितलं की शाळा सोडल्यावर ती पहिली काही वर्षं मासळीबाजारात गाळ्यावर कामाला होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण माशाचं पोट कुठून उघडायचं यावर त्यांची जी गजाल रंगली ती बघून मी माझी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं घेऊन बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, आले. मी सांबारं तीनदा मागून घेतलं. आमच्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मला प्राणाहून प्रिय आहे, पण त्या मऊ आंबोळीपुढे मी त्या दिवशी घरच्यांशी गद्दारी केली, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी मला होडीत बसवण्याचा कट शिजला. मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत रूथने मला हाताला धरून बसवलंसुद्धा. होडी किनाऱ्यापासून हातभरही लांब गेली नसेल, तोच मी काठ इतका घट्ट धरला की होडीवाला म्हणाला, "बाई, होडी तुमी धरल्यात म्हणान तरंगता की काय?" उतरताना लाट आली आणि मी साडीसकट बसले पाण्यात. सोलापूरकर बाईला पाण्याची किंमत त्या दिवशी वेगळ्या अर्थाने कळली. रूथ हसता हसता वाळूत लोळली.

साडी माडावर वाळत घालून आम्ही सोलकढीचे पेले घेऊन बसलो, तेव्हा ती आपल्याबद्दल बोलली. वडील बस चालवायचे, आई बिस्किटांच्या कारखान्यात. घरात पुस्तक नव्हतं. मासळीच्या गाळ्यावरून ती एका वाचनालयात कामाला लागली आणि तिथे पुस्तकं लावता लावता वाचायला लागली. पहिलं कवितावाचन तिने एका दारूच्या गुत्त्याच्या माडीवर केलं. खाली टीव्हीवर फुटबॉल चालू होता.

"मी एक ओळ वाचली आणि थांबले," ती म्हणाली, "आणि नेमका तेव्हाच खाली गोल झाला. अख्खी माडी दणाणली! माझ्या कवितेला मिळालेली तेवढीच गर्जना. ती पण दुसऱ्याची."

"आणि आता? आता तर तुला मोठमोठ्या सभागृहांत बोलावतात."

"आता लोक 'हम्म' करतात."

मला कळेना. तिने नाकातून आवाज काढून दाखवला. तिकडे कविता आवडली की कोणी वाहवा करत नाही, टाळीसुद्धा शेवटी एकदाच, तीही जपून. मधे एखादी ओळ फारच भिडली तर अंधारातून चार-पाच जण नाकातल्या नाकात "हम्म" म्हणतात. मी म्हटलं, आमच्या सोलापुरात मुशायऱ्याला ये. तिथे शायराला ओळ पुरी करू देत नाहीत, दाद आधी आणि शेर नंतर. ती म्हणाली, "वीस वर्षं मी शांततेला वाचून दाखवतेय, मंगल. मला आता त्या शांततेचीच भीती वाटते."

मग ती खरं काय ते बोलली. 'हजेरी'त असं आहे, की शेवटच्या दिवसांत आजोबा पलंगावर उठून बसत, हात जोडत आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलत. एक ओळ बोलून थांबत. घरातल्यांच्या तोंडाकडे बघत. मग पुढची ओळ. पुन्हा थांबत. ती भाषा घरात कोणालाच येत नव्हती. आजी म्हणाली, बोटीवर हजेरी घेतायत, बुडालेल्या सोबत्यांची नावं पुकारतायत. रूथनेही तेच लिहिलं. शाळांतली मुलं आता त्यावर निबंध लिहितात. मास्तर सांगतात, कोरं पान म्हणजे परदेशी गेलेल्या माणसाचं मौन.

"मौन कसलं!" रूथ चिडून म्हणाली. "मला पुढे काय लिहायचं तेच माहीत नव्हतं. मेलेल्यांची नावं असतील तर ते आमच्या तोंडाकडे का बघायचे? मी त्यांच्या अगदी समोर बसलेली असायचे. ते माझ्याकडे बघत थांबायचे आणि मी गप्प. ते कशाची वाट बघत होते हे कळल्याशिवाय मला दुसरं काही लिहिताच येत नाही. त्या पुस्तकानंतर एक ओळ नाही लिहिलेली मी. लोकांना वाटतं विश्रांती घेतेय."

मी तिच्या पेल्यात आणखी सोलकढी ओतली.

देवगड

देवगडला आम्ही फक्त अर्धा दिवस होतो. आंब्याचा मोसम भरात होता. जिथे बघावं तिथे पेट्या, गवत आणि टेम्पो, आणि हवेला असा वास की उपाशी माणसाचं पोट भरावं. रूथला दीपगृहाकडून बंदर बघायचं होतं. पूर्वी इथून आगबोटीने मुंबईला जात, आजोबाही तसेच गेले असणार. ती बराच वेळ कठड्याला टेकून उभी होती. मी सावली शोधून बसले, कारण ऊन आमच्या सोलापूरसारखंच होतं आणि वर घाम फुकट. खाली येताना ती म्हणाली, "एवढं सुंदर बंदर सोडून गेला माणूस, आणि लिव्हरपूलच्या पावसात राहिला!" मी म्हटलं, पोट कुठे सुंदर बघतं?

गाव

गावाचं नाव मी लिहीत नाही. रूथने बजावलंय. कॅमेरे घेऊन लोक जातील आणि काकींना आंबे सोडून मुलाखती देत बसावं लागेल, असं तिचं म्हणणं.

काकी म्हणजे वत्सलाकाकी कोयंडे. सदाशिवरावांच्या धाकट्या भावाची सून, म्हणजे नात्याने रूथची काकी. पंचाहत्तरी गाठलेली, बारीक, कमरेला पदर खोचलेली. त्यांचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे. त्याने इंटरनेटवर कोयंडे आडनावाची मडम बघितली आणि धागा जुळला. आम्ही पोचलो तेव्हा काकी माजघरात गवतावर आंबे लावत बसल्या होत्या. उठल्या, हात पुसले आणि रूथचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"इलंस गो बाय? उशीर केलंस. पण इलंस ना, बरा झाला."

मी भाषांतर करणार होते, पण रूथच्या डोळ्यांतून आधीच पाणी यायला लागलं होतं, म्हणून राहू दिलं.

आंबा खाण्यावरून मात्र पहिल्याच दिवशी खटका उडाला. रूथने सुरी आणि चमचा मागितला. काकींनी मला विचारलं, "चमचो कित्या? हात नाय तिका?" मग त्यांनी स्वतः आंबा हाताने घोळून मऊ करून, देठाकडचा चीक काढून तिच्या हातात दिला. पुढच्या दोन मिनिटांत इंग्लंडच्या शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या कवयित्रीच्या कोपरापर्यंत रस ओघळला होता. काकी समाधानाने म्हणाल्या, "आता दिसता आमच्या घरातला."

रूथची इच्छा होती की ती कविता एकदा गावापुढे वाचावी. गावाला खोटी वाटली तर मराठीत छापायची नाही, असं तिने मला वाटेतच सांगितलं होतं. माझी सगळी मेहनत एका संध्याकाळवर टांगलेली होती, त्यामुळे मी थोडी कावलेलीच होते. काकींना मी कवितावाचन म्हणजे काय ते समजावू लागले.

"म्हणजे काय करतली ती? गाणा म्हणतली?"

"गाणं नाही काकी. कविता वाचणार."

"पुस्तकात बघून? स्वतः लिवल्यान ना? मगे पाठ नाय तिका?"

"पाठ असेल. पण तिकडे बघूनच वाचतात."

"देवासमोर कोण पुस्तकात बघून बोलता गो?" काकींनी निकाल दिला. "सांग तिका, हात जोडून सरळ उभ्यान बोल म्हणा. पयलो मान आमच्याच घराचो होतो देवळात. सदाशिव आजे थोरले. ते गेले आणि मान भाऊ गावकारांच्या घराकडे गेलो. आज आमच्या घरातला माणूस देवाम्होरा उभा रवतला."

मान म्हणजे नारळाचा किंवा पालखीचा असेल असं समजून मी पुढे विचारलंच नाही. रूथला एवढंच सांगितलं की पुस्तक ठेव, हात जोड. ती म्हणाली, "पुस्तकाशिवाय हात कुठे ठेवायचे हा प्रश्न तरी सुटला."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर रवळनाथाच्या देवळात माणसं जमली. सभामंडपाच्या गार फरशीवर एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, आंब्याच्या बागांतून थेट आलेले, हातापायांना चीक लागलेले. पोरं खांबांना लोंबकळत होती. कार्यक्रम काही सुरू होईना. भाऊ गावकार जामसंड्याहून यायचे होते. निरोप आला की वाटेत त्यांची स्कूटर पंक्चर झाली आहे. मी घड्याळाकडे बघायला लागले. सोलापुरातही कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत, पण निदान अध्यक्षांसाठी अडतात. इथे स्कूटरवाल्या एका भाऊंवाचून काय अडलंय ते मला कळेना. कोणी काही बोलत नव्हतं, नुसतं बसलं होतं.

रूथचा चेहरा उतरत चालला. तीच तिची शांतता. तिला वाटलं, सगळे तिच्यासाठीच थांबलेत. मी काही म्हणायच्या आत ती उठली, गाभाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, काकींनी सांगितलं होतं तसे हात जोडले, आणि खणखणीत आवाजात इंग्रजीत कविता बोलायला लागली.

पहिलं कडवं झालं आणि ती थांबली. प्रत्येक कडव्यानंतर ती आजोबा थांबायचे तेवढी थांबते, ही तिची वाचायची पद्धत आहे. इंग्लंडात त्या जागी "हम्म" येतं.

पुरुषांच्या बाजूने एक म्हातारा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

रूथ दचकली. मी दचकले. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तिने दुसरं कडवं म्हटलं, जरा कापऱ्या आवाजात, आणि थांबली.

"व्हय म्हाराजा!" आता सगळा सभामंडप बोलला. बायका, पुरुष, खांबावरची पोरं. घुमटातून आवाज फिरून खाली आला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे गाऱ्हाणं! सिंधुदुर्गात कुठल्याही कामाआधी गावचा मानकरी देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, देवाला सगळी हकीकत सांगतो, रक्षण कर म्हणतो, आणि त्याच्या प्रत्येक ओळीला जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणून ओ देतो. मी ते मालवणी नाटकांत बघून पोट धरधरून हसले होते. खऱ्या देवळात कधी ऐकलं नव्हतं. गाव भाऊंसाठी थांबलं होतं ते गाऱ्हाण्यासाठी, आणि काकींच्या घरचा तो जुना मान गाऱ्हाण्याचा होता. आता मानाच्या घरातली बाई हात जोडून देवापुढे उभी राहिली, थोडं बोलून थांबली, म्हणजे ती गाऱ्हाणंच घालणार, यात गावाला शंका कसली? भाषा इंग्रजी असली म्हणून काय झालं? देवाला कळते की!

जाऊन रूथला थांबवावं, चूक झालीय म्हणून सांगावं, असं क्षणभर वाटलं. नाही उठले, हे फार बरं केलं. कारण तोवर रूथची पाठ ताठ झाली होती. तिसऱ्या कडव्याला ती दाद येणार म्हणून थांबली. चौथ्याला तर तिने आवाज असा काही चढवला की मासळीबाजारात गाळ्यावर उभी राहून ती कशी ओरडत असेल ते मला दिसलं. आणि गाव प्रत्येक वेळी "व्हय म्हाराजा!" म्हणून तिला वर उचलत होतं. एक अक्षर कळत नसताना एवढी दाद मी जन्मात ऐकलेली नाही. मी उघड उघड रडत होते.

मधेच केव्हातरी भाऊ गावकार आले. सत्तरीचे, उंच, हाताला स्कूटरचं काळं लागलेलं. दारातच थबकले, ऐकत राहिले, आणि शेवटच्या कडव्याला त्यांनीही ओ दिली.

रूथ खाली बसली. भाऊ पुढे आले आणि काकींना म्हणाले, "वैनी, गाऱ्हाणा झाला मां? काय सांगल्यान तिना देवाक?"

"माका काय ठावक? ही बाई सांगतली," म्हणून काकींनी मला ढकललं.

मी माझं भाषांतर वाचायला उभी राहिले. वाचत वाचत मुख्य जागेपाशी आले.

"आजोबा पलंगावर उठून बसत,
दोन्ही हात जोडत,
एक ओळ बोलत आणि थांबत,
आमच्या तोंडाकडे बघत.
आम्ही कोणीच काही बोलत नसू."

इथे कोणी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. आणि काकी फरशीवर हात टेकून उठल्या.

"गो बाय," त्या रूथला म्हणाल्या, "तो हजेरी नाय घेय होतो. तो गाऱ्हाणा घाली होतो! मरताना घाली होतो माझो चुलतसासरो, आणि ओ देऊक कोण नाय!"

बायकांकडून कोणीतरी मोठ्याने हुंदका दिला. रूथ माझ्याकडे बघत होती, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या? मी तिच्याजवळ बसून इंग्रजीत सांगितलं. जमेल तेवढं सांगितलं. आजोबा बोटीवरच्या मेलेल्यांना हाक मारत नव्हते. ते आपल्या देवाशी बोलत होते, गावातर्फे, घराचा मान होता तो. आणि तुम्ही जे म्हणावं म्हणून ते थांबत होते, ते हे. हे दोनच शब्द.

"हे?" रूथने विचारलं. "एवढंच म्हणायचं होतं आम्ही?"

आजोबा खरंच असे हात जोडून थांबत होते का, याची भाऊंनी मला विचारून खात्री करून घेतली. मग हात धुऊन आले, डोक्याला रुमाल गुंडाळला, नारळ घेतला आणि देवापुढे उभे राहिले. त्यांनी पहिली ओळ उचलली मात्र, रूथने माझा दंड पकडला. तिच्या नखांचे वण मला सोलापूरपर्यंत पुरले. "हाच सूर," ती म्हणत होती, "हाच, मंगल, हाच सूर!"

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या ठिकाणी तुझी लेकरा एकठंय जमली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोयंड्यांच्या घरातला ह्या चेडू सात समुद्र ओलांडून तुझ्या पायाकडे इला आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या आज्यान, सदाशिवान, थंय परमुलकात तुका हाक मारल्यान. तेका ओ देणारा थंय कोण नाय होता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा खालच्या आवाजात.

भाऊ थांबले. मग त्यांनी नारळ दोन्ही हातांनी वर धरला.

"तेना थंय जा काय मागल्यान, ता तू आज हंय पावता करून घे म्हाराजा!"

गाव तोंड उघडणार, त्याच्या आधी माझ्या कानाशी एक आवाज फुटला. रूथचा. चुकीचे उच्चार, अर्धं नाकात, पण देवळाच्या बाहेर बागेपर्यंत गेला असेल एवढा मोठा.

"व्हय म्हाराजा!"

आणि तिच्या मागून सगळं गाव. पाखरं उडाली छपरावरची. काकी पदराने डोळे पुसत हसत होत्या. रूथ हसत होती की रडत होती ते सांगता येणार नाही, मलाच नीट दिसत नव्हतं.

नंतर खोबरं-साखर वाटताना मी तिला विचारलं, आता इंग्लंडातले मास्तर काय म्हणतील? एवढे निबंध चुकले की! ती म्हणाली, "माझाच पहिला निबंध चुकला, त्यांचं काय घेऊन बसलीस?" आणि मग कानाशी येऊन, "मंगल, या वेळची गर्जना माझी होती. गोल मी केला."

निघताना काकींनी आंब्याची पेटी दिली आणि रूथला बजावलं, "परत ये. आणि चमचो हाडू नको."

मराठी पुस्तकात आता कोरं पान नाही. त्यावर दोन शब्द आहेत. कवितेचं नावही 'हजेरी'चं 'गाऱ्हाणं' झालं. इंग्रजीच्या नव्या आवृत्तीसाठी रूथने मला फोन करून विचारलं की "व्हय म्हाराजा"चं भाषांतर काय करायचं. मी म्हटलं, काही करायचं नाही, तसंच छाप. तिने तसंच छापलंय. आणि ती पुन्हा लिहायला लागली आहे. रोज सकाळी माझ्याकडे एक कविता येऊन पडते, मी दमले आता.

परवा तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. लिव्हरपूलची कुठलीशी शाळा. गणवेशातली दहा-बारा वर्षांची मुलं, गोरी, काळी, सावळी. रूथ त्यांच्यापुढे हात जोडून उभी आहे. ती एक कडवं म्हणते आणि थांबते, मुलांच्या तोंडाकडे बघत. आणि सगळा वर्ग बाकं वाजवून ओरडतो, "व्हय म्हाराजा!"

मी तेव्हा सोलापुरात, आमच्या स्वयंपाकघरात, भाकरी थापत होते. फोन ओट्यावर ठेवलेला. मुलांच्या मागोमाग मीही पिठाचे हात जोडून मोठ्याने ओ दिली.